ठराव मंजूर, पाणी नामंजूर

दर वर्षी २० मार्चला माझ्या फोनवर चवदार तळ्याचे फोटो येतात. निळी पार्श्वभूमी, ओंजळीतलं पाणी. मीही स्टेटस टाकतो. पण त्यात महाड नगरपालिका कुठेच नसते, आणि ती वगळली की त्या दिवसातला सगळ्यात अडचणीचा भाग वगळला जातो.

कारण २० मार्च १९२७ ला ते तळं कागदावर आधीच खुलं होतं. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. पुढच्याच महिन्यात सरकारने खात्यांना तशा सूचना दिल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही ठराव केला आणि चवदार तळं खुलं झालं. त्यानंतर तीन वर्षं अस्पृश्यांपैकी कुणालाही तिथे पाणी भरता आलं नाही.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं: नगरपालिका पुढारलेली होती, समाज मागासलेला होता, बिचारी काय करणार! मला हे साफ नामंजूर आहे. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याखाली चालणारी ही संस्था. रस्ते, दिवे, सफाई, पाणी हेच तिचं रोजचं काम. जिला लोकांच्या दारात जाऊन पट्टी वसूल करता येते, तिला तळ्यावर एक शिपाई उभा करता येत नाही? दर बैठकीला कुठल्या तरी गटाराचा, कंदिलाचा विषय निघत असणारच. त्या यादीत 'तळ्याच्या ठरावाचं काय झालं' हा एक विषय घालायला किती शाई लागली असती?

आमच्या धंद्यात कोड मर्ज झाला पण प्रॉडक्शनला गेलाच नाही, तर 'फीचर दिलं' असं कुणी म्हणत नाही. म्हटलं तर क्लायंट हाकलून देईल. नगरपालिकांना मात्र आपण शंभर वर्षांनंतरही त्या मर्जचं श्रेय देतो.

तिथली सगळीच माणसं वाईट नव्हती. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले सुरेंद्रनाथ टिपणीस तर बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले. पण एका भल्या माणसाच्या पाठिंब्याने संस्था हलत नाही. शेवटी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला जमलेले हजारो लोक स्वतः चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यांनी नवं काही मागितलं नव्हतं. नगरपालिकेचं तीन वर्षं पडून राहिलेलं काम त्यांनी केलं. मग हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली, परतणाऱ्यांची डोकी फुटली आणि तळं १०८ घागरींनी 'शुद्ध' करण्यात आलं.

आणि मग नगरपालिकेला तो ठराव आठवला. ४ ऑगस्ट १९२७ ला तिने तो रद्द केला. तारीख पुन्हा वाचा: बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. अंमलबजावणीला तीन वर्षांत सवड मिळाली नाही, मागे घ्यायला पाच महिने पुरले. डिसेंबरात काही जण कोर्टात गेले, तळं खाजगी आहे म्हणाले, मनाईहुकूम मिळाला. प्रकरण हायकोर्टात संपलं १७ मार्च १९३७ ला. तळ्यावरच्या बंदीची प्रथा अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही. म्हणजे १९२४ ला मंजूर झालेलं पाणी पक्कं व्हायला तेरा वर्षं लागली.

हे मी आरोंद्याला घरी बसून लिहितोय. समोर तेरेखोलचं पाणी, पलीकडे गोवा. तेव्हा हे गाव सावंतवाडी संस्थानात, मुंबईचा ठराव इथे लागूही नव्हता. आजीला विचारलं, तुझ्या लहानपणी बावीवर कोण कोण यायचं? म्हणाली, 'ती माणसं' लांब उभी राहायची, आपण वरून ओतून द्यायचो. हे कधी थांबलं, ते तिला आठवत नाही. कुठेतरी लिहिलेलं असेल असंही तिला वाटत नाही.

आता माझं सांगतो. पुण्यात मी राहतो त्या सोसायटीत मुख्य लिफ्टबाहेर पाटी आहे: घरकाम करणाऱ्यांनी मागची लिफ्ट वापरावी. गेल्या वर्षी सभेत ती काढायचा ठराव आला, एकमताने मंजूर झाला. मीही हात वर केला, मग चहा-समोसे झाले. पाटी अजून तिथेच आहे. आमच्या मावशी मागच्या लिफ्टने येतात आणि ती बंद असली की सात मजले जिन्याने. याची तुलना चवदार तळ्याशी करू नये, हे मान्य. तिथे माणसांचं रक्त सांडलं होतं. पण हात वर करून घरी जाणारे सभासद तिथेही होतेच, आणि मी त्यांच्यातला आहे.

काल सोसायटीच्या ग्रुपवर मी त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागितली. अर्ध्या तासाने सेक्रेटरींचा मेसेज आला: "ठराव मंजूर आहे ना सर, मग आता काय अडचण?"