गेटवेवरचा गोड निरोप

२८ फेब्रुवारी १९४८. सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन मुंबईच्या गेटवेच्या कमानीखालून बोटीकडे निघाली. भारतीय जवानांनी मानवंदना दिली, आठवण म्हणून गेटवेची चांदीची प्रतिकृती दिली. शेवटची ब्रिटिश पलटण गेली. त्या संचलनाची क्लिप माझ्या फोनवर अधूनमधून येते आणि खाली ठरलेली कॉमेंट असते: बघा, किती सभ्यपणे गेले! मला या सभ्यपणाचा राग येतो.

सैन्य काढून घेणं म्हणजे माघार, आणि माघार दिसता कामा नये, ही लंडनची खरी चिंता होती. व्हाइसरॉय वेव्हेल यांनी दक्षिणेकडचे प्रांत आधी सोडत टप्प्याटप्प्यानं निघायची योजना मांडली, ती अ‍ॅटलींच्या सरकारला पटली नाही. (योजना फार थोर होती असं नाही, तिच्यातही पहिली काळजी ब्रिटिशांच्याच जिवाची.) मग माउंटबॅटन आले आणि जून १९४८ची मुदत १५ ऑगस्ट १९४७वर आली.

त्या तारखेनंतर ब्रिटिश पलटणींनी दंगलीत पडायचं नाही, असं ठरलं. अपवाद फक्त युरोपियनांच्या जिवाला धोका असेल तर. सार्वभौम देशात परक्या फौजेनं गोळी चालवणं बरं दिसत नाही, हा युक्तिवाद बिनतोड आहे. आपल्या नेत्यांनाही ती फौज नकोच होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण १५ ऑगस्टच्या आधी राज्य कुणाचं होतं? १ ऑगस्टला पंजाबच्या १२ जिल्ह्यांसाठी सीमा दल उभं केलं, त्यात वरचे अधिकारी ब्रिटिश होते, ब्रिटिश पलटण एकही नव्हती. आपापल्या गावांची राखरांगोळी होत असताना शीख आणि मुसलमान जवानांनी मात्र निःपक्षपाती राहायचं! महिन्याभरात ते दल मोडीत निघालं.

आणि १७ ऑगस्ट. त्या दिवशी पहिली ब्रिटिश तुकडी मुंबईहून बोटीनं निघाली, निरोपाला माउंटबॅटन स्वतः मुंबईत. त्याच दिवशी रॅडक्लिफ यांची सीमारेषा जाहीर झाली. ती स्वातंत्र्याआधीच तयार होती, पण आधी जाहीर केली असती तर पुढच्या रक्तपाताचं खापर ब्रिटिशांवर फुटलं असतं. गुरदासपूरच्या लोकांना आपण कुठल्या देशात आहोत हे कळलं, तेव्हा त्यांच्या रक्षणाची जबाबदारी कायद्यानं ब्रिटिशांची उरलेली नव्हती.