आधी कारखाना, मग परवानगी

उद्योजकांच्या कोणत्याही मेळाव्यात एक गाऱ्हाणे हमखास ऐकू येते. कारखाना काढावयाचा तर जमीन मिळते, कर्ज मिळते, वीजही मिळते. घोडे अडते ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रापाशी. मग मंत्रिमहोदय उठतात आणि ‘व्यवसायसुलभते’चे आश्वासन देऊन टाळ्या घेतात. हा प्रयोग इतक्या वेळा झाला आहे की, संमतीपत्र म्हणजे विकासाच्या वाटेतील धोंड, ही समजूत डाव्या चळवळीतील काही कार्यकर्त्यांनीही निमूटपणे स्वीकारलेली दिसते. रोजगार हवा असेल तर थोडे प्रदूषण सोसलेच पाहिजे, असे सांगणारे कामगारपुढारी दुर्मिळ नाहीत. भांडवलदाराने असे म्हणावे यात नवल नाही. कामगारांच्या प्रतिनिधीने म्हणावे याचे मात्र नवल वाटावयास हवे.

संमतीपत्र ही वस्तू मुळात काय आहे? 1974 च्या जलप्रदूषण कायद्याच्या 25 व्या कलमानुसार, ज्या उद्योगातून सांडपाणी बाहेर पडण्याचा संभव आहे, तो राज्य मंडळाच्या पूर्वसंमतीवाचून उभारता येत नाही. हवेसंबंधी 1981 च्या कायद्यात अशीच तरतूद आहे. व्यवहारात संमती दोनदा घ्यावी लागते : प्रथम उभारणीसाठी, नंतर कारखाना चालविण्यासाठी. कच्चा माल कोणता, पाणी किती, सांडपाणी कोठे जाणार आणि त्यावर प्रक्रिया कशी होणार, हे प्रश्न वीट रचण्यापूर्वी विचारावयाचे, हा पहिल्या संमतीचा हेतू. महाराष्ट्राने तर केंद्राच्या पाच वर्षे आधी, 1969 मध्येच, जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला आणि 1970 मध्ये मंडळ स्थापन केले. आज याच राज्यात ‘पूर्व’ हा शब्द अडचणीचा वाटू लागला आहे.

वस्तुतः या एका शब्दातच कायद्याचे मर्म आहे. खाजगी उद्योग आपल्या खर्चाचा मोठा हिस्सा ताळेबंदात न दाखविता समाजाच्या माथी मारतो, हे के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने 1950 मध्येच सविस्तर दाखवून दिले होते. नासलेले पाणी, बुडालेली मासेमारी, कामगाराच्या फुप्फुसाचा रोग, हे सारे उत्पादनाचेच खर्च आहेत. फक्त ते दुसरे कोणी भरते. ते कोणी भरावयाचे हा प्रश्न समान पातळीवर विचारता येतो तो एकाच क्षणी, भांडवल गुंतण्यापूर्वी. त्या वेळी सांडपाणी प्रक्रियेची यंत्रणा ही अंदाजपत्रकातील एक ओळ असते. ती परवडत नसेल तर तो उद्योग समाजालाही परवडत नाही, असा सरळ हिशेब मांडता येतो. एकदा यंत्रे बसली, बँकेचे कर्ज उचलले गेले, चारशे कामगार हजेरीपटावर आले, की हिशेब उलटतो. मग प्रत्येक नोटिशीला एकच उत्तर मिळते : कारखाना बंद केला तर या चारशे कुटुंबांनी काय खावे? ज्यांना वेतनवाढ देताना मालकाचा हात थरथरतो, ते कामगार त्या दिवशी त्याला पोटच्या लेकरासारखे आठवतात.

ही केवळ तात्त्विक भीती नव्हे. मोठ्या प्रकल्पांना संमतीपत्राखेरीज केंद्रीय पर्यावरण कायद्याखाली वेगळी पूर्वमंजुरी लागते. ती न घेताच काम सुरू केलेल्यांना मागाहून मंजुरी देण्याची वाट केंद्र सरकारने 2017 मध्ये अधिसूचना काढून खुली केली. 16 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही वाट बंद केली. सहा महिन्यांनी, 18 नोव्हेंबरला, त्याच न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तो निर्णय मागे घेतला. बहुमताने दिलेल्या कारणांत, उभे राहिलेले सुमारे 20,000 कोटी रुपयांचे प्रकल्प पाडावे लागतील, हे ठळक कारण होते. न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी भिन्नमत नोंदविले. न्यायालयाविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हटले पाहिजे की, झालेला खर्चच येथे युक्तिवाद ठरला. ज्याने नियम मोडून अधिक पैसा ओतला त्याची बाजू अधिक बळकट, असा धडा यातून कारखानदाराने घेतला तर त्याला दोष कसा द्यावा?

कोकणातील लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत हे याचे जुने उदाहरण. चिपळूण आणि खेडच्या मधल्या या रासायनिक वसाहतीखालून वाशिष्ठी आणि जगबुडी दाभोळच्या खाडीकडे जातात. सर्वांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करणारे केंद्र तेथे आहे, म्हणजे कागदोपत्री व्यवस्था आहे. 2011 मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने आपल्या अहवालात नमूद केले की, येणाऱ्या सांडपाण्याचे प्रमाण आणि स्वरूप या केंद्राला पेलत नाही. वसाहतीत सुमारे 11,000 जणांना रोजगार मिळाला. उलट खाडीतील 20,000 जणांचा रोजगार बुडाला, असे मच्छीमारांचे म्हणणेही समितीने नोंदविले. हा दुसरा आकडा मच्छीमारांचा आहे, तो कोणी तपासावा. पण तो तपासण्याची तसदी शासनाने घेतली नाही, हेच बोलके आहे. पहिल्या आकड्याचे फलक लागतात. दुसरा आकडा ज्यांचा आहे ते भोई कोणत्याच हजेरीपटावर नसतात.

उद्योजकांच्या तक्रारीत तथ्य मुळीच नाही असे मात्र नाही. काजूप्रक्रियेचा लहान कारखाना काढणाऱ्या तरुणाला त्रुटींच्या पत्रांनी महिनोन्महिने झुलवावयाचे आणि ज्याचा सल्लागार मुंबईत वजनदार आहे त्याची फाईल आठवड्यात हलावयाची, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मंडळात लाच चालते हेही कोणी नाकारू नये. परंतु याचा इलाज मंडळाला माणसे, प्रयोगशाळा आणि राजकीय हस्तक्षेपापासून संरक्षण देणे हा आहे. दवाखान्यात डॉक्टर पैसे खातो म्हणून दवाखानाच मोडीत काढावा, असे कोणी म्हणत नाही.

शिवाय विलंबाचे भांडवल करणारे एक गोष्ट सांगत नाहीत. अर्ज परिपूर्ण असून मंडळाने चार महिन्यांत होय किंवा नाही म्हटले नाही, तर संमती बिनशर्त दिली असे मानावे, अशी तरतूद 25 व्या कलमातच आहे. बिनशर्त! मंडळ झोपले तर दंड नदीला. आणि एवढ्यानेही समाधान झाले नाही. 2024 च्या दुरुस्तीने काही प्रकारच्या उद्योगांना संमतीतूनच सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. नदीत विषारी द्रव्य सोडण्यास पूर्वी किमान दीड वर्षाची कैद होती. दुरुस्तीनंतर ती गेली आणि दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड राहिला. प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान व केंद्रशासित प्रदेशांना लागू झालेली ही दुरुस्ती इतर राज्यांनी ठराव करून स्वीकारावयाची आहे. मोठ्या कंपनीला पंधरा लाख म्हणजे प्रक्रिया यंत्रणेच्या विजेच्या बिलाहून स्वस्त पडणारा सौदा. शिक्षा उरत नाही, नदीचे भाडे ठरते.

आपल्या चळवळीचा हिशेबही येथे मांडला पाहिजे. रात्रपाळीत कोणता व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी कोणत्या नाल्याला जाते, हे सर्वांत आधी कामगाराला माहीत असते. त्याच्या मागण्यांच्या सनदेत महागाईभत्ता असतो, बोनस असतो; संमतीपत्रातील अटींच्या पालनाची मागणी किती सनदांत आढळते? कंत्राटी कामगाराने तोंड उघडले तर दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास जातो, ही अडचण खरी. म्हणूनच ते तोंड युनियनने उघडावयाचे असते. खाडीवरचा भोई आणि कारखान्यातला कामगार पुष्कळदा एकाच गावचे, कधी एकाच घरचे असतात. त्यांना एकमेकांसमोर उभे करण्यात मालकाला आजवर यश आले, ते आपण मधली जागा मोकळी सोडल्यामुळे.

त्याच 25 व्या कलमात आणखी एक पोटकलम आहे. संमतीपत्रांत घातलेल्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवावयाची असते आणि सांडपाण्याची झळ पोहोचणाऱ्या कोणासही ती कार्यालयीन वेळेत पाहता येते. त्यासाठी वकील लागत नाही. औद्योगिक वसाहत असलेल्या प्रत्येक तालुक्यातील पक्षशाखेने युनियनचा एक माणूस आणि खाडीवरचा किंवा नदीकाठचा एक माणूस बरोबर घेऊन ही नोंदवही मागावी, सांडपाण्याची मंजूर मात्रा उतरवून घ्यावी आणि रात्रपाळीच्या कामगाराला ती दाखवावी.