हमी आणि इंजिनातील चिप

नांदेड-लातूरकडील डिझेल मोटारींच्या मालकांना जादा जोराचा मोह पडला, तर नवल नाही. बाहेरून बसविलेली चिप इंजिनात अधिक इंधन सोडावयास लावते व टर्बोचा दाब वाढविते. जोर वाढतो खरा. पण टर्बो, क्लच व गिअरबॉक्स यांवरील ताणही त्याबरोबर वाढतो. या भागांची हमी विक्रेत्याने नाकारली, तर तो अन्याय म्हणता येणार नाही. परंतु खिडकीची काच अडली तरी चिपकडे बोट दाखवून सारीच हमी रद्द करणे, हा न्याय नव्हे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ परका भाग बसविला म्हणून हमी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळेच झाला, हे दाखवावे लागते. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात इतकी स्पष्ट तरतूद नाही. तरी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तेव्हा विक्रेत्याने नकाराचे कारण लेखी द्यावे आणि मालकानेही सर्व्हिसिंगपूर्वी चिप काढून ठेवण्याची लपवाछपवी सोडावी. हमी हा दोन पक्षांचा करार आहे. तो एकानेच पाळून भागत नाही.