स्वयंपाकघरांतून : काळीं पडलेलीं केळीं

मार्गशीर्षी पौर्णिमा उलटली म्हणजे आमच्या घरांत दोनच गोष्टी मागें राहतात : शिणलेलीं माणसें आणि केळीं. माणसें दोन दिवस झोंप काढून पूर्ववत् होतात. केळ्यांचें तसें नाहीं. तीं दिवसेंदिवस काळवंडत जातात, आणि येतांजातां घरांतल्या बायकांकडे जणूं रोखून पाहत असतात.

आम्ही अंबाजोगाईचे. बीड जिल्ह्यांतल्या या गांवची योगेश्वरी ही पुष्कळशा कोंकणस्थ घराण्यांची कुलदेवता. त्यामुळें आश्विनांतलें नवरात्र आणि मार्गशीर्षांतला सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंतचा उत्सव, अशा दोन वेळां दूरदूरचीं कुटुंबें कुलाचारासाठीं येथें येतात. समुद्रकांठच्या लोकांची देवी बालाघाटाच्या डोंगरावर कशी, याच्या कथा अनेक आहेत. त्यांत आज शिरत नाहीं. आमच्या घरीं पिढीजात उपाध्येपण असल्यानें त्यांतलीं कांहीं कुटुंबें आमच्याकडे उतरतात, देवीची ओटी भरतात, नैवेद्य दाखवितात, आणि निघतांना फळांची परात आमच्या हवालीं करून जातात. परातींत नारळ असतात, खारका असतात, पण मुख्य भरणा केळ्यांचा. तीं बहुधा नांदेडकडून, अर्धापूरच्या बाजूनें आलेलीं. नारळ टिकतो, खारीक टिकते. केळें तेवढें थांबत नाहीं.

याचें कारण असें कीं, केळें झाडावरून उतरल्यावरहि पिकतच राहतें. पिकतांना त्यांतून इथिलीन नांवाचा वायु निघतो आणि तो शेजारच्या फळालाहि पिकवितो. म्हणून टोपलींत झांकून ठेवलेलीं चार डझन केळीं चार दिवस कांहींच करीत नाहींत आणि पांचव्या दिवशीं एकदम सारीं पिकतात. हिरव्या केळ्यांत शेंकडा वीसच्या आसपास पिष्टांश असतो. पूर्ण पिकल्यावर तो जेमतेम एकदोन उरतो, बाकीच्याची साखर होते. म्हणजे जें केळें आपण बिघडलें म्हणून बाजूला सारतों, तें वस्तुतः गोडीनें भरलेलें असतें. शिवाय आमच्याकडे त्या दिवसांत रात्रीं कडाक्याची थंडी पडते, आणि थंडीनें केळ्याची साल काळी पडते. आंतला गर चांगलाच असतो. तेव्हां सालीच्या रंगावर जाऊं नये, वास घ्यावा. मधासारखा वास आला तर केळें घ्यावें. दारूसारखा आंबूस वास येत असेल, देंठापाशीं बुरशी दिसत असेल किंवा पाणी गळत असेल, तर प्रसादाचें झालें तरी तें खाऊं नये. झाडाच्या मुळाशीं पुरावें.

आतां खरी गोष्ट सांगतें. मी लग्न होऊन या घरांत आलें तेव्हां प्रसाद टाकावयाचा नाहीं हा येथला दंडक होता, आणि तो मला मान्यहि होता. परंतु काळें केळें पुरुषांच्या पंक्तींत कसें वाढावें? मुलें तर लिबलिबीत म्हणून हात लावीत नसत. सत्यनारायणाच्या शिऱ्यांत एक-दोन खपत. शिकरण थंडींत कोणी मागत नसे. उरलेलीं तीसचाळीस केळीं जात कोठें, हें मला पहिल्याच वर्षीं कळलें. पंक्ती उठल्यावर सासूबाई, चुलत सासूबाई, थोरल्या जाऊबाई आणि मी अशा चौघी ओट्यापाशीं उभ्या राहून तीं संपवीत असूं. भूक असो वा नसो. देवीचा प्रसाद पिवळा असतांना साऱ्या घराचा असे, आणि काळा पडला कीं तो बायकांचा होई. ही वांटणी कोणीं ठरविली होती असें नव्हे. कोणीं बदललीहि नव्हती.

२०११ च्या मार्गशीर्षांत सासूबाईंना फार थकवा येऊं लागला म्हणून रक्त तपासलें, तों साखर पुष्कळच वाढलेली निघाली. डॉक्टरांनीं आहार विचारला. सासूबाई म्हणाल्या, "दोन वेळां बेताचें जेवण, आणि उरलेलीं केळीं." "किती?" "उरतील तितकीं." केळ्यांनींच मधुमेह झाला असें डॉक्टर म्हणाले नाहींत, मीहि म्हणत नाहीं. पण केळीं बंद झालीं. घरीं आल्यावर सासूबाई टोपलीकडे पाहून म्हणाल्या, "मग आतां हीं कोणी खावयाचीं?" या विचारण्यांत तक्रारीचा सूर मुळींच नव्हता; आज दूध कोण आणणार, असें विचारावें तसें त्यांनीं विचारलें. मामंजी पंचांग पाहत बसले होते, तें त्यांनीं मिटलें. "गाईला घाला," असें भावोजी म्हणाले; पण गाय विकून तेव्हां दहा वर्षें झालीं होतीं.

उपाय सासूबाईंनाच आठवला. फार मागें रत्नागिरीकडच्या एक वृद्ध यजमानीणबाई उत्सवाला आल्या असतां त्यांनीं धोंडसाची कृति सांगितली होती. कोंकणांत पावसाळ्याच्या अखेरीस मोठीं जून तवशीं निघतात. तीं किसून त्यांत तांदुळाच्या कण्या आणि गूळ घालतात, आणि पातेल्याच्या खालीं व झांकणावर निखारे ठेवून तें मिश्रण भाजतात. "तवशाच्या जागीं केळें घालून पाहूं या," सासूबाई म्हणाल्या. मुलें आतां त्या पदार्थाला केक म्हणतात. तेंहि अगदींच खोटें नाहीं. अमेरिकेंत १९३० नंतरच्या टंचाईच्या वर्षांत अशींच अति पिकलेलीं केळीं वायां जाऊं नयेत म्हणून त्यांचा गोड पाव घरोघर होऊं लागला. त्यांत अंडें पडतें, आमच्यांत पडत नाहीं. त्याच्यावांचून कांहीं अडतहि नाहीं.

चार मध्यम केळ्यांना दोन वाट्या बारीक रवा घ्यावा. अर्धी वाटी तुपावर तो मंद भाजावा. गुलाबी रंगावर आला कीं उतरावा, तांबूस होऊं देऊं नये. केळीं हातानेंच कुसकरावींत, थोड्या गांठी राहिल्या तरी चालतील. त्यांत चिरलेला गूळ पाऊण वाटी (केळीं फारच गोड असतील तर अर्धी पुरे), त्याच परातींतला नारळ फोडून निघालेलें दूध एक वाटी, खोबऱ्याचा चव मूठभर, चिमूटभर मीठ, चार वेलदोड्यांची पूड आणि थोडें जायफळ घालावें. गूळ विरघळला म्हणजे निवलेला रवा मिसळून तासभर झांकून ठेवावें. हा तास चुकवूं नये. मीं घाईनें एकदां चुकविला, तेव्हां वरून सोन्यासारखा दिसणारा पदार्थ दातांखालीं वाळूसारखा कचकच लागला. रवा फुगून मिश्रण घट्ट झालें असेल तर आणखी थोडें नारळाचें दूध घालावें. पळींतून जड जड पडेल इतपत सैल असावें.

शेवटीं खाण्याचा सोडा पाव लहान चमचा आणि लिंबाचा रस दोन लहान चमचे घालून हलकेंच ढवळावें, व लगेच पातेल्यांत ओतावें. सोड्याला आंबटपणा भेटला म्हणजे वायु सुटतो आणि त्यानें पदार्थ हलका होतो. केळ्याचा अंगचा आंबटपणा त्याला पुरत नाहीं. सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव येते, हें लक्षांत ठेवावें. प्रथम मीं लिंबाऐवजीं ताक घालणार होतें, परंतु मामंजींनीं हरकत घेतली. अष्टांगहृदयांत केळें आणि ताक यांचा संयोग विरुद्ध आहारांत गणला आहे, असें त्यांनीं पोथी काढून दाखविलें. दूधकेळ्यालाहि वैद्य नाकें मुरडतात, आणि तरी आपण शिकरण खात आलों, असें माझ्या मनांत आलें. पण बोललें नाहीं. लिंबू घातलें. चव बिघडली नाहीं.

आमच्या चौदा माणसांना हें प्रमाण दुप्पट लागतें. मात्र तें एकाच खोल पातेल्यांत ओतूं नये; मधला भाग कच्चा राहतो. तूप लावलेल्या दोन पसरट पातेल्यांत दोन बोटें जाडीचा थर द्यावा. शेगडी असेल तर खालीं थोडे व झांकणावर अधिक निखारे ठेवावेत. गॅसवर लोखंडी कढईंत वाळू तापवून तींत पातेलें ठेवावें, वर जड झांकण घालावें आणि आंच अगदीं बारीक करावी. सुमारें पाऊण तासानें विणकामाची सुई खुपसून पाहावी. कोरडी निघाली म्हणजे झालें. वाळूच्या कढईंत वरची बाजू पांढुरकी राहते. निवल्यावर तूप लावलेल्या तव्यावर ती पालथी घालून पांच मिनिटें भाजली कीं रंग येतो. ज्यांच्या घरीं विजेची भट्टी आहे त्यांना हा खटाटोप नको. परंतु निखाऱ्यांचा खमंगपणा तिला येत नाहीं, असें माझें मत आहे. गरम असतांना कापूं नये, भुगा होतो. दुसऱ्या दिवशीं चव अधिक मुरते; थंडीच्या दिवसांत दोन-तीन दिवस टिकतें असें पुस्तकी थाटानें लिहितां येईल, पण आमच्याकडे तें कधीं उरलेंच नाहीं.

पहिल्यांदा केलें त्या संध्याकाळीं घरभर घमघमाट सुटला आणि न बोलावतां सारीं माणसें स्वयंपाकघराच्या दाराशीं जमलीं. सासूबाईंनीं स्वतः सुरी घेतली आणि मोजून चौदा तुकडे केले. कडेचा खरपूस भाग कोणाला, यावरून मुलांची हमरीतुमरी झाली. भावोजींनीं दोनदां मागितलें. दुसऱ्यांदा मिळालें नाहीं. सासूबाईंच्या वाट्याला, डॉक्टरांना विचारून ठरविलेला, दोन बोटें रुंदीचा तुकडा होता. जाऊबाई संवयीनें ओट्यापाशीं उभ्याच होत्या. त्यांना सासूबाईंनीं हाताला धरून खालीं बसविलें, आपणहि पाट ओढून बसल्या, आणि मामंजींच्या बशींतली खरपूस कड उचलून आपल्या तुकड्याशेजारीं ठेवली.