२० हजार डॉलरचा ट्रक आणि ग्राहकाची शंका: दर जाहीर करण्याआधी हे वाचा



तुमचा दर ऐकून समोरचा माणूस म्हणाला, "एवढ्याला मिळतंय म्हणता? आधी माल येऊ तर द्या, मग बघू," तर तुम्हाला राग येतो का? येत असेल, तर आज अमेरिकेतली एक गोष्ट समजून घ्या.

अमेरिकेत पिकअप ट्रक हे प्लंबर, सुतार, शेतकरी अशा कामकरी माणसाचं रोजचं वाहन. आपल्याकडे छोटा हत्ती किंवा बोलेरो पिकअप वापरतात, तसंच. एप्रिल २०२५ मध्ये स्लेट ऑटो या नव्या कंपनीने तिथे एक छोटा इलेक्ट्रिक पिकअप दाखवला. सरकारी सवलत धरून किंमत २० हजार डॉलरच्या आत, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने साधारण १७ लाख रुपये. ऑगस्टमध्ये फोर्डनेही सांगितलं, २०२७ मध्ये आम्ही सुमारे ३० हजार डॉलरचा इलेक्ट्रिक पिकअप आणतो.

आता लोकांनी उड्या मारायला हव्या होत्या ना? पण बरेच जण म्हणाले, "बघू." माझं स्पष्ट मत सांगतो: त्यांचं बरोबर आहे.

शंका हवेतून येत नाही

टेस्लाने सायबरट्रक नोव्हेंबर २०१९ मध्ये दाखवला, सुरुवातीची किंमत सांगितली ३९,९०० डॉलर. गाड्या द्यायला सुरुवात झाली चार वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये. तेव्हा यादीतल्या सगळ्यात स्वस्त मॉडेलची किंमत झाली होती ६०,९९० डॉलर.

फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग मे २०२१ मध्ये ३९,९७४ डॉलरला जाहीर झाला. मार्च २०२३ पर्यंत तेच मॉडेल ५९,९७४ वर गेलं. वाढ २० हजार डॉलरची! त्या वाढीत स्लेटचा अख्खा ट्रक आला असता. नंतर फोर्डने किंमत उतरवली, पण डिसेंबर २०२५ मध्ये फक्त बॅटरीवर चालणारा लाइटनिंग बंद करत असल्याचंही जाहीर केलं.

ओहायोमधल्या लॉर्ड्सटाउन मोटर्सने तर १ लाख बुकिंग झाल्याचं सांगितलं होतं. जून २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. स्लेटने कुणाला फसवलेलं नाही, तरी आधीच्यांची उधारी तिच्या खात्यावर आली. तुमच्या बाबतीतही हेच होणार. तुमच्या आधी कुणीतरी त्या ग्राहकाला वेळेवर माल दिलेला नसतो, ठरलेला दर पाळलेला नसतो. ग्राहक तुमच्याकडे येतो ते हे सगळं डोक्यात घेऊन.

दुसऱ्याच्या हातातली गोष्ट दरात धरू नका

स्लेटचा २० हजारांच्या आतला आकडा ७,५०० डॉलरच्या केंद्रीय सवलतीवर उभा होता. जुलै २०२५ मध्ये कायदा बदलला आणि ३० सप्टेंबरनंतर सवलत बंद झाली. कंपनीला किंमत "पंचविशीच्या आसपास" अशी सांगावी लागली. ट्रक तोच, दोष सरकारी निर्णयाचा. पण ग्राहकाच्या लक्षात राहिला तो पहिला आकडा.

आपल्याकडे छतावरच्या सोलरचा धंदा करणारे बघा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे. काही जण ते वजा करूनच दर सांगतात. ग्राहकाला मात्र आधी पूर्ण पैशांची सोय करावी लागते, अनुदान नंतर खात्यात येतं. मग भांडण. त्यापेक्षा पूर्ण दर मोठ्या अक्षरात लिहा आणि अनुदान खालच्या ओळीत वेगळं दाखवा. थोडी गिऱ्हाइकं जातील, पण राहतील ती टिकतील.

काय नाही, ते आधी सांगा

एका बाबतीत मात्र स्लेटला मी पैकीच्या पैकी मार्क देतो. त्यांनी उघड सांगितलं: दोनच सीट, काचा हाताने फिरवायच्या, गाणी वाजवायला सिस्टीम नाही, रंग एकच, करडा. साध्या बॅटरीवर अंदाजे १५० मैल, म्हणजे २४० किलोमीटर. शहरात फिरणाऱ्या इलेक्ट्रिशियनला हे पुरेल. रोज जड माल ओढणाऱ्याला पुरणार नाही, आणि तो ते स्वतःच ओळखेल. चुकीचं गिऱ्हाईक आधीच बाजूला झालं की तुमचीच डोकेदुखी वाचते.

बुकिंग म्हणजे विक्री नव्हे

स्लेटचं बुकिंग होतं ५० डॉलरचं, तेही परत मिळणारं. काही आठवड्यांत १ लाखाच्या वर नावं आली. सायबरट्रकची दहा लाखांहून जास्त बुकिंग झाल्याचं इलॉन मस्क यांनी २०२३ मध्ये सांगितलं होतं. पण मार्च २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी जवळपास सगळे सायबरट्रक परत बोलावले, तेव्हा आकडा होता साधारण ४६ हजार. कुठे दहा लाख, कुठे ४६ हजार!

म्हणून "आवडलं, नक्की घेणार" म्हणणाऱ्या शंभर जणांच्या भरवशावर मशीनसाठी कर्ज काढू नका. इसार किती जणांनी दिला, आणि त्यातल्या किती जणांनी माल उचलून पूर्ण पैसे दिले, हे मोजा. कर्जाचा हप्ता त्या आकड्यावर ठरवा.

मग करायचं काय?

शंका घेणाऱ्याशी वाद घालू नका. वहीत तीन गोष्टी लिहून घ्या: त्याला कशाची भीती आहे, ती भीती घालवायला मी काय दाखवू शकतो, आणि कोणत्या तारखेला. लोणची विकत असाल तर छोटी बाटली द्या. फर्निचर करत असाल तर आधीच्या ग्राहकाच्या घरी नेऊन दाखवा. आणि तारीख दिलीत तर पाळा. पाळता येणार नसेल तर आदल्या दिवशी स्वतः फोन करा, त्याच्या फोनची वाट बघू नका.

एक लक्षात ठेवा. ज्याला घ्यायचंच नाही, तो प्रश्न विचारत नाही, निघून जातो. "आधी येऊ तर द्या" म्हणणारा माणूस अजून तुमच्या दुकानात उभा आहे.

आज एक काम करा. तुमचं दरपत्रक काढा आणि त्यातला कोणता आकडा दुसऱ्याच्या हातात आहे, त्याखाली पेनाने रेघ मारा. पुढच्या व्हिडिओत तोच आकडा सुरक्षित कसा करायचा, ते बघू.