चित्रदर्शन, छाया आणि आभासी वास्तव

‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ या संज्ञेसाठी ‘आभासी वास्तव’ हा प्रतिशब्द मराठीत आता पुरेसा रुळला आहे. तो रुळत असताना मूळ शब्दाची एक छटा मात्र गळून पडली. इंग्रजीत ‘व्हर्च्युअल’ म्हणजे खोटे नव्हे. प्रत्यक्षात तसे नसूनही परिणामाने तसेच असणारे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे ‘आभास’ म्हणताच हेत्वाभास आणि रसाभास यांच्या पंगतीतील सदोषता मनात उभी राहते. शब्द आता बदलणे शक्य नाही, बदलण्याचे कारणही नाही. परंतु हा शब्दप्रयोग संगणकशास्त्रात येण्यापूर्वी नाट्यचर्चेत आला होता, हे साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये. फ्रेंच रंगकर्मी आंतोनँ आर्तो यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नाट्याच्या सत्तेविषयी बोलताना हीच पदरचना वापरली आहे. तेव्हा या विषयावर मराठी विभागाच्या नियतकालिकात लिहिणे म्हणजे परक्या अंगणात पाऊल टाकणे नव्हे.

यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसविण्याचे दर्शकयंत्र सिद्ध केले. ते छतापासून टांगावे लागे. १९८०च्या दशकात जेरॉन लॅनियर यांनी आजची संज्ञा प्रचारात आणली. १९९५ मध्ये निंटेंडो कंपनीचा ‘व्हर्च्युअल बॉय’ बाजारात आला आणि सपशेल पडला. २०१४ मध्ये फेसबुकने ‘ऑक्युलस’ ही कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरला विकत घेतली, त्याच वर्षी गूगलने मोबाइल आत सरकवून वापरण्याचे पुठ्ठ्याचे साधन काढले, आणि २०१६ पासून घरगुती ग्राहकासाठी अशी यंत्रे सर्रास मिळू लागली. त्यामागील तत्त्व जुनेच आहे. दोन डोळ्यांना किंचित भिन्न अशी दोन चित्रे दाखविली की खोलीचा प्रत्यय येतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्येच दाखवून दिले होते. नवी आहे ती दुसरी गोष्ट : मान वळविली की दृश्यही त्याच क्षणी वळते. त्यामुळे चित्राला चौकट उरत नाही. प्रेक्षक चित्रासमोर नसतो, चित्राच्या आत असतो.

सीताबर्डीत राहणाऱ्या वा शिकणाऱ्या माणसाला हे सांगावयास नको. व्हरायटी चौक, पंचशील चौक ही नावे चित्रपटगृहांवरून पडली; म्हणजे या वस्तीचा भूगोलच पाहण्याच्या हौसेने घडविलेला आहे. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाच्या आवारात धनवटे रंगमंदिर होते, तेही पाहण्याचेच स्थान. आज त्याच परिसरात मोबाइलच्या दुकानांतून आणि मॉलमधील खेळघरांतून डोळ्यांवर चढविण्याचे हे चष्मे दिसतात. हा धंदा वाटतो तितका भरभराटीचा नाही, हेही नमूद केले पाहिजे. २०२१ मध्ये आपले नाव ‘मेटा’ असे बदलून घेणाऱ्या कंपनीला या विभागात २०२२ या एका वर्षात १३ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला, आणि गूगलने आपले पुठ्ठ्याचे साधन विकणे २०२१ मध्ये थांबविले. परंतु आपला प्रश्न धंद्याचा नाही.

प्रश्न समीक्षेचा आहे, आणि तो आपल्यालाच अडचणीत आणणारा आहे. आपल्या वर्गांतून, प्रबंधांतून आणि परीक्षणांतून कलाकृतीची थोरवी सांगण्यासाठी कोणते शब्द वापरले जातात? ‘प्रसंग हुबेहूब डोळ्यांसमोर उभा राहतो’, ‘वाचक स्वतःला विसरून जातो’, ‘आपण त्या काळात वावरत आहोत असे वाटते’, ‘जिवंत अनुभव’. एम.ए.च्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येकाला ही वाक्ये तोंडपाठ झालेली असतात, आणि ती विद्यार्थ्यांनी आपल्याकडूनच उचललेली असतात. आता कल्पना करावी की हीच साहित्याची कसोटी आहे. मग दहा मिनिटांत माणसाला हिमशिखरावर उभे करणारे, खाली दरी दाखवून त्याचे पाय लटपटविणारे यंत्र कोणत्याही ऐतिहासिक कादंबरीला सहज मागे टाकील. कादंबरी हरली, असे मग प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. ते मान्य नसेल, तर कसोटीच चुकीची होती हे मान्य करावे लागेल. प्रस्तुत लेखकाला दुसरा पर्याय योग्य वाटतो, आणि त्यासाठी लागणारा आधार फार दूर शोधावा लागत नाही. तो विदर्भाच्याच एका कवीपाशी आहे.

भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. मिराशी हे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे अध्यापक होते. म्हणजे ही चर्चा एका अर्थी सीताबर्डीच्याच परिसरातील आहे. त्या भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ आपण करुणरसाचे नाटक म्हणून शिकवितो. ते पाहण्याविषयीचेही नाटक आहे, याकडे तितकेसे लक्ष जात नाही. नाटकाच्या आरंभी चित्रे आहेत, मध्यभागी अदृश्य सीता आहे आणि शेवटी नाटकातले नाटक आहे. प्रतिमेसमोर माणसाचे काय होते, या एकाच प्रश्नाची ही तीन रूपे होत.

पहिल्या अंकातील चित्रदर्शन आठवावे. रामाचे पूर्वचरित्र एका चित्रकाराने भिंतीवर रेखाटले आहे आणि लक्ष्मण ते राम-सीतेला दाखवीत आहे. शूर्पणखेचे चित्र येते आणि सीता घाबरते. जणू वियोगाचा क्षण पुन्हा समोर ठाकला आहे. राम तिला धीर देतो की हे केवळ चित्र आहे. येथवर प्रसंग कोणालाही सुचला असता. भवभूतीचे थोरपण पुढे आहे. ज्या रामाने सीतेला ही आठवण करून दिली, तोच पुढच्या चित्रांपाशी स्वतः कोसळू लागतो आणि माल्यवान पर्वताच्या चित्राशी येताच लक्ष्मणाला थांबावयास सांगतो, कारण सीतेचा विरह पुन्हा घडत असल्यासारखे त्याला वाटते. सीता तर शेजारी उभी आहे! ज्ञान आहे, तरी कंप थांबत नाही. दोराला साप समजणाऱ्याचा भ्रम दोर कळताच नाहीसा होतो. चित्र हे चित्र आहे हे कळल्याने मात्र काहीच नाहीसे होत नाही. डोळ्यांवर यंत्र चढवून खोट्या फळीवर उभा असलेला तरुणही आपण फरशीवर आहोत हे जाणतोच, आणि तरीही पाऊल पुढे टाकीत नाही. वेदान्त्यांच्या प्रातिभासिक सत्तेत हा अनुभव बसत नाही. तो शंकुकाच्या चित्रतुरगन्यायाजवळचा आहे : चित्रातील घोड्याचे ज्ञान सत्य, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही प्रकारांहून वेगळे असते.

मग यंत्राने नवे काय केले? भवभूतीकडे पुन्हा पाहिले तर उत्तर मिळते. सातव्या अंकात वाल्मीकीने रचलेले नाटक अप्सरा करून दाखवितात. त्यात त्यक्त सीता गंगेत उडी घेते आणि प्रेक्षकांत बसलेला राम व्याकूळ होतो. हे नाटक आहे, याची आठवण आता लक्ष्मण त्याला करून देतो. पहिल्या अंकात रामाने सीतेसाठी जे केले, ते सातव्यात लक्ष्मण रामासाठी करतो. म्हणजे भवभूतीच्या रचनेत पाहणारा कधीच एकटा नसतो. त्याच्या शेजारी तेच दृश्य पाहणारा दुसरा कोणीतरी असतो, आणि बुडणे व भानावर येणे या दोन्ही गोष्टी त्या शेजाराच्या आधाराने घडतात. रंगमंदिरात आपण हे सारे न कळत करीत आलो : डोळे पुसताना बाजूला पाहणे, कोणाचे तरी हसू ऐकून स्वतः हसणे. यंत्र चढविलेल्या माणसाला शेजारी नसतो. जो बाजूला उभा असतो त्याला त्याचे दृश्य दिसत नाही, त्याचे चाचपडणे तेवढे दिसते. मॉलमध्ये अशा माणसाभोवती जमून हसणारी मित्रमंडळी पाहिली की भवभूतीची चित्रशाळा आठवत नाही, सभापर्वातील मयसभा आठवते. तेथे स्थळाला जल समजून वस्त्रे सावरणाऱ्या आणि जलाला स्थळ समजून त्यात पडणाऱ्या दुर्योधनाला ‘हे चित्र आहे’ असे सांगणारा कोणी नव्हता, हसणारे होते. अनेकांना एकत्र वावरता येईल असे यांत्रिक विश्व आता उपलब्ध आहे हे खरे, पण तेथे शेजारीही दृश्याचाच भाग होऊन येतो. लक्ष्मणाचे काम त्याला करता येत नाही.

येथे अभिनवगुप्ताचे विघ्नविवेचन विशेष उपयोगी पडते. रसप्रतीतीच्या सात विघ्नांपैकी एक असे की प्रेक्षक त्या सुखदुःखाला ‘माझे’ किंवा ‘अमक्याचे’ अशा विशिष्ट देशकाळात बांधून टाकतो. हे विघ्न दूर व्हावे म्हणून पूर्वरंग, प्रस्तावना, नटाचा वेष, त्याच्या मस्तकावरील मुकुट यांची योजना. मुकुटामुळे नटाची व्यक्ती झाकली जाते आणि भाव साधारण होतो. आता तो मुकुट नटाच्या मस्तकावरून प्रेक्षकाच्या मस्तकावर आला आहे, आणि त्याचे कार्य नेमके उलटे झाले आहे : येथे, या क्षणी, मी स्वतः उभा आहे, ही जाणीव अधिकाधिक घट्ट करणे. अभिनवगुप्ताने ज्याला विघ्न मानले तेच या माध्यमाचे ध्येय ठरले आहे. दरी पाहून होणारे भय हे भयच. त्याचा भयानक रस होत नाही. न. चिं. केळकरांनी १९२१च्या बडोदे संमेलनात मांडलेली सविकल्प समाधीची कल्पना आपण परीक्षेपुरती शिकवितो. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरूनही स्वतःची भूमिका न सुटणे, हे त्यांनी वाङ्मयीन आनंदाचे मर्म मानले. तिच्यावर आक्षेप अनेक आहेत. परंतु ‘वाचक स्वतःला विसरतो’ या आपल्या लाडक्या वाक्याला तिच्यात शंभर वर्षांपूर्वीच हरकत घेतलेली आहे.

या माध्यमाच्या बाजूने जो सर्वांत गंभीर दावा केला जातो, तो मनोरंजनाचा नाहीच. यंत्राने माणसाला दुसऱ्याच्या जागी उभे करता येते, म्हणून ते सहानुभूतीचे यंत्र आहे, असे ख्रिस मिल्क यांनी २०१५ मध्ये म्हटले. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या सहकार्याने जॉर्डनमधील निर्वासितांच्या छावणीतील एका सीरियन मुलीवर असा चित्रपटही झाला. त्यामागील सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण नागपुरात साहित्य शिकविणाऱ्याने हा दावा दलित आत्मकथनांसमोर ठेवून पाहावा. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये, १९७८ साली, दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. लेखकालासुद्धा आपल्या भूतकाळात थेट उभे राहता येत नाही. मध्ये एक ऐकणारा ठेवावा लागतो. मग वाचकाने कोणत्या अधिकाराने तेथे उभे राहावे? त्या पुस्तकाचे बळ वाचकाला दगडूच्या जागी नेण्यात नाही. ते त्याला त्याच्या स्वतःच्या जागी बसवून ऐकावयास लावण्यात आहे, आणि कित्येक वाचकांची ती जागा गावकुसाच्या आतली होती. उद्या कोणी गावकुसाबाहेरची वस्ती यंत्रात उभी केली आणि दहा मिनिटे तेथे हिंडून आलेला प्रेक्षक ‘मी ते अनुभवले’ असे म्हणू लागला, तर त्या वाक्याला काय उत्तर द्यावयाचे हे मराठीच्या अध्यापकाला ठाऊक असले पाहिजे. यंत्र उतरविता येते; जात उतरवून ठेवता येत नव्हती.

याचा अर्थ या माध्यमात कला संभवत नाही असा नव्हे. शल्यक्रियेच्या शिक्षणात, भयगंडाच्या उपचारांत त्याचा उपयोग होत आहे, आणि चलच्चित्रालाही आपले व्याकरण सापडावयास काही वर्षे लागलीच होती. चौकट गेल्यामुळे प्रेक्षक पाठ फिरवून भलतीकडेच पाहत राहू शकतो. अशा प्रेक्षकाला कथा कशी सांगावयाची, हा कथनमीमांसेच्या अभ्यासकाला आव्हान देणारा खरा प्रश्न आहे. त्याचा विचार करताना तिसरा अंक जवळ ठेवावा. तेथे पंचवटीत राम आहे आणि सीताही आहे, पण भागीरथीच्या प्रभावाने ती त्याला दिसत नाही. मूर्च्छित रामाला ती स्पर्श करते, तो सावध होतो, तिचा हात ओळखतो आणि डोळे उघडल्यावर समोर कोणी नसते. वासंतीला हे सारे शोकाने झालेले भान हरपणे वाटते. यंत्र देते ते याच्या उलट : सर्व काही दिसते, हाताला काहीच लागत नाही. भवभूतीला दृश्य उभे करता येत नव्हते असे नाही. पहिला अंक त्याची साक्ष आहे. तरीही नाटकाच्या ऐन मध्यभागी त्याने नायकापासून नायिकेचे दर्शन काढून घेतले, आणि प्रेक्षकाला मात्र दोघेही दाखविले. हे त्याने का केले, हा प्रश्न पुढच्या सत्रात एखाद्या विद्यार्थ्यास लघुप्रबंधासाठी द्यावयास हरकत नाही. अट एवढीच, की त्यात ‘हुबेहूब’ हा शब्द येता कामा नये.