आधी पेटीवाले काका, मग परदेशी सूर

मागे आजोबांच्या पेटीचा फोटो टाकला तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "अजून वाजते का?" वाजते. पण मधे दीड वर्ष ती मुकी होती, आणि त्याला कारण मीच. झाकून ठेवण्यापेक्षा लिहून टाकतो. हल्ली बडोद्यातल्या आपल्या घरांतून परदेशातून वाद्यं आणि त्यांचे सुटे भाग मागवायचं फार वाढलंय, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पेटी साडेतीन सप्तकांची. 42 पट्ट्या, खर्ज आणि नर अशा दोन ओळी, म्हणजे 84 सूर. सूर पॅरिसचे. आजोबा ते इतक्या अभिमानाने सांगत, जणू स्वतः बोटीने जाऊन घेऊन आले होते! त्यातले नऊ सूर बसले. दर एकादशीला आमच्याकडे भजन असतं, आई गाते, आणि नेमके तिच्या गळ्याच्या आसपासचेच सूर गेलेले. मी रात्री मोबाईल घेऊन बसलो. युरोपातल्या एका विक्रेत्याकडे "हार्मोनियमचे जुने सूर, पूर्ण संच" असं दिसलं. फोटो झकास. म्हटलं, पॅरिसचे सूर पॅरिसकडूनच घेऊ. पैसे भरून मोकळा झालो.

मग एकेक कळत गेलं. कस्टमची आकारणी नुसत्या वस्तूच्या किमतीवर होत नाही. वाहतूक आणि विमा धरून जी रक्कम होते तिच्यावर ड्यूटी, त्यावर जीएसटी, शिवाय कुरिअरवाल्याचा आकार वेगळा. ओळखपत्रांची कागदपत्रं द्यायची ती निराळीच. अमेरिकेतला भाचा म्हणाला होता, "मामा, मी घेतो आणि गिफ्ट लिहून पाठवतो." बरं झालं ऐकलं नाही. पोस्टाने किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची ड्यूटीतली सूट डिसेंबर 2019 मध्येच गेली. राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढीच सुटली. आणि विकत घेतलेल्या मालावर भेट म्हणून लिहिणं हे खोटंच की.

तरी पैशाचं दुःख मी गिळलं असतं. खोकं घेऊन पेटीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, सूर हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "पहेलां मने पूछ्युं होत तो?"

झालं होतं असं. निम्मे सूर अमेरिकन ऑर्गनचे निघाले. ते खाचेत सरकवून बसवायचे असतात, स्क्रूला भोकच नाही. आमच्या पेटीत प्रत्येक सूर स्क्रूने बसतो. उरलेले खरोखर फ्रेंच, पण उतरलेले. फ्रान्सने 1859 मध्ये स्वराचं माप ठरवलं, त्यात मधली पांढरी सहा 435 कंपनांची. आजची पेटी, कीबोर्ड, सगळं 440 वर. दोन्ही एकदम वाजवले की सेकंदाला पाच हेलकावे ऐकू येतात. फोटोत हे कसं दिसणार? परत पाठवायचं तर भाडं माझ्याच माथी. शरमेपोटी मी खोकं माळ्यावर टाकलं आणि पेटीवर चादर.

आता माझं म्हणणं. मी काही स्वदेशीचं भाषण देत नाही. पेटी मुळातच तिकडची. सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांकडून 1886 मध्ये गायनशाळा सुरू करवली त्या गावात राहून बाहेरच्या वाद्याला नाक मुरडायचं कशाला? आजोबांच्या पेटीतही परदेशी मालच होता. फरक एवढाच की तेव्हा मधे एक दुकानदार असायचा. कुठला सूर कुठल्या पेटीत बसतो, कुठला घ्यायचा नाही, हे त्याला ठाऊक असे. त्याचा नफा आपण वाचवला, पण त्याबरोबर त्याचं ज्ञानही गेलं, हे आपल्या लक्षात येत नाही. तेवढं जाणणारा माणूस आता एकच उरलाय, दुरुस्ती करणारा. आणि आपण त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जातो, वस्तू बिघडल्यावर.

आमच्या भजनी मंडळातल्या एका मुलाचंही तेच. जपानहून जुना कीबोर्ड मागवला, सोबतचा अडॅप्टर 100 व्होल्टचा. आपल्याकडे 230. बटण दाबलं आणि धूर! कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने दोन मिनिटांत सांगितलं असतं.

म्हणून मी आता उलटा क्रम धरलाय. आधी कारागीर. वाद्य त्याला दाखवायचं, काय लागेल ते त्याच्याकडून लिहून घ्यायचं, विक्रेत्याकडून मापं आणि मागच्या बाजूचे फोटो मागवून तेही त्यालाच दाखवायचे. आणि या सल्ल्याचे पैसे द्यायचे, तो मागणार नाही तरी. मग सगळा खर्च धरून हिशेब करायचा, आणि तरीही परवडत असेल तर खुशाल मागवा.

शेवटी काकांनीच मार्ग काढला. फ्रेंच सुरांपैकी सहा उपयोगी पडले. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. तसं कणाकणाने घासत त्यांनी ते 440 वर आणले. खर्जाचे तीन पालिताण्याचे घातले, आपल्याच गुजरातचे. मला आजतागायत फरक कळलेला नाही. काकांनी घेतलेले पैसे मी भरलेल्या ड्यूटीपेक्षाही कमी होते.

गेल्या एकादशीला आई पेटीवर गायली. आता तिचं वय 82. आवाज थोडा खाली आलाय, पट्टी बदलावी लागली. माझ्या हौसेपायी गेलेलं दीड वर्ष काही परत येणार नाही.

काकांच्या हाताखाली सध्या कुणी शिकत नाही. तुमच्या गावात, मग ते इंदूर असो, ग्वाल्हेर की बेळगाव, पेटी दुरुस्त करणारं कोण उरलंय? चौकशी करा, आणि आपलं वाद्य एकदा त्यांना दाखवून आणा. बिघडायची वाट बघू नका.